मावशीच्या तोंडचं खोटं

मावशी गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून कधी हसली नाही. चिंचणीहून मासळीची टोपली घेऊन ती बोईसरजवळ सरावलीत आमच्या चाळीसमोर विकायला बसायची. मी बोंबील उचलायला गेले, की कधीकधी माझा हातच धरायची. "नको घेऊ बाय, कालचा हाय." स्वतःच्याच मालाबद्दल! म्हणायची, "मासा मुका हाय, म्हनून आपन खोटं बोलायचं काय?"

अशा बाईचा फोटो निवडणुकीत बोईसरच्या नाक्यावर भल्यामोठ्या फलकावर लागला. भाचीच्या लग्नात ती मनापासून हसत असताना कुणीतरी टिपलेला. शेजारी हात जोडलेले उमेदवार. खाली ओळ: 'माझ्या दारी नळ आला!'

मावशीला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. तिचा चेहरा काळाठिक्कर पडला. तिच्या दारी कसला नळ? ती रोज विहिरीवरून डोक्यावर हंडे आणायची.

फलकाशेजारचा मोबाइल दुकानदार हसला. "जाहिरात आहे मावशी, खरं कोण मानतंय?"

"मंग लावतात कोनासाठी?" ती कडाडली.

खरं मानणारे होतेच. विहिरीवर बायका तिला म्हणाल्या, "तुज्या घरी नल हाय ना, मंग हितं कशाला?" हिनं काहीतरी घेतलं असणार, अशी कुजबुज गावभर झाली. शिळा मासा कधी न खपवलेली बाई खोटारडी ठरली. आजही आठवलं की माझं डोकं भडकतं. फोटो चोरला तो चोरलाच, पण मेल्यांनी तिचा शब्दही चोरला.

गावात त्या उमेदवाराची सभा झाली. मावशी रिकामा हंडा कमरेवर घेऊन थेट मंचासमोर गेली. "माज्या तोंडानं बोलतोस, मंग मना बी बोलू दे!"

कार्यकर्त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला नेलं. आणि माईकवरचा माणूस निर्लज्जपणे म्हणाला, "आपल्या मावशी आशीर्वाद द्यायला आल्या आहेत! टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो निवडून आला.

गेल्या पावसाळ्यात मावशी तापानं गेली. मी तिच्या घरच्यांना भेटायला गेले, तेव्हा त्याच निवडून आलेल्या साहेबांची गाडी दारात थांबली. चेहरा पाडून ते उतरले, मागोमाग कॅमेरावाला.

मावशीची सून उंबऱ्यात उभी राहिली. "या साहेब. पन फोटोवाला भायेरच थांबंल."

साहेब घुटमळले. कॅमेरावाल्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

आणि आत न येताच गाडीत जाऊन बसले.