अण्णांना मी ‘भाऊ’ म्हटलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही.

आम्ही पंचवटीत एका खोलीत राहायचो. आईचं वर्ष दोन साड्यांवर निघायचं, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसभर मेनरोडच्या भांडारात भारी पैठण्या अंगावर लावून दाखवायचे. तीन मजली दुकान. साडीपासून समईपर्यंत सगळं तिथे मिळायचं. बायका गादीवर बसायच्या, समोर अण्णा उभे — शर्ट-पँटवरच झपझप निऱ्या, खांद्यावर पदर, पदरावरचे मोर नीट दिसतील असा हात लांब केलेला. अख्ख्या नाशकात तसा पदर दुसरं कुणी घेत नसे, हे मी आजही ठासून सांगेन.

मग मला लाज कसली वाटत होती?

त्यांच्याच कष्टांवर मी कॉलेजात गेले. आमच्या घराण्यातली पहिली. तिथे सांगून ठेवलं होतं — वडील अकाउंट्स बघतात. शेवटच्या वर्षी सेंड-ऑफच्या साडीसाठी मैत्रिणींनी मला नेमकं भांडारातच ओढत नेलं. मला बघून अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी जांभळी पैठणी लावली, पदर घेतला, मान जराशी तिरकी केली.

“अय्या, काका तर नवरीच! फक्त नथ राहिली!” एक जण खिदळली. सगळ्या हसल्या. मी? — हो, मीही हसले.

अण्णा माझ्याकडे बघत होते. आता ही ओळख करून देईल, असं वाटलं असेल का त्यांना? आणि मी म्हणाले, “भाऊ, दुसरी दाखवा ना.”

भाऊ — गिऱ्हाईक म्हणतं तसं.

त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग म्हणाले, “दाखवतो ना, ताई. बसा तुम्ही.”

घरी मला ते ठमे म्हणायचे. त्या दिवशीही घरी आल्यावर ठमेच म्हणाले. विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. अण्णा गेले, तोवर नाही.

पुढे मॉल आले, भांडारातही गाद्या जाऊन काचेची काउंटरं आली, तरी वरचे दोन मजले बंद पडले. मालकांनी मला मॅनेजर म्हणून घेतलं. मी काचेची काउंटरं काढून गाद्या घातल्या, साडी अंगावर लावून दाखवणारी माणसं पुन्हा उभी केली. आयडिया कुणाची, असं लोक विचारतात. कालपर्यंत मी ‘माझी’ म्हणत होते.

ती अण्णांची होती. आज तिन्ही मजले चालू आहेत, आणि विंचूरपासून पेठपर्यंतची लग्नघरं बस्ता बांधायला आमच्याकडे येतात.