सिनेटरसाठी गाऱ्हाणं

हसायचं असेल तर हसा, पण आधी कप खाली ठेवा. मागे एकाला हे सांगत होतो तर त्याने अख्खा घोट माझ्या शर्टावर उडवला होता.

तर मंडळी, अमेरिकेतला एक सिनेटर मी विक्रोळीतून निवडून आणलेला आहे. थापा नाही मारत. तात्या गावडे आज असते तर त्यांनी साक्ष दिली असती. आणि आयुष्यात मी सगळ्यात मोठी माती खाल्ली ती त्याच निवडणुकीत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आम्ही राहायचो हायवेच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, हाऊसिंग बोर्डाच्या इमारतीत. वडील लवकर गेले. घरात आई आणि मी. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ सुरेश, शिकायला म्हणून अमेरिकेला गेला तो सहा वर्षांत एकदाही फिरकला नव्हता.

आई दादाबद्दल फार बोलायची नाही. पण दिवाळीत चकल्या झाल्या की त्याच्या वाटणीच्या एका डब्यात वेगळ्या काढायची आणि डबा फळीवर ठेवायची. तुळशीचं लग्न लागेपर्यंत त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मग एक दिवस मुकाट्याने डबा उतरवून इमारतीतल्या पोरांना वाटून टाकायची. मी तिला हसायचो, पण माझं तरी काय वेगळं होतं? दादाचा कॅरमचा स्ट्रायकर मी कपाटात लपवून ठेवला होता आणि कोणी मागितला की हरवला म्हणायचो. मला दादा हवा होता. घरात त्याचा आवाज हवा होता. तेव्हा हे कोणाकडे बोललो नाही, आज तुमच्याकडे बोलतोय.

दादा होता तो मुलूख अमेरिकेच्या पार मधला. गहू, गाई आणि चर्च. लोक एकदम जुन्या वळणाचे, रविवारी इस्त्रीचे कपडे घालून देवाला जाणारे. तिथला सिनेटर म्हणजे दिल्लीतला मोठा खासदार म्हणा ना, बारा वर्षं खुर्चीत बसलेला एक म्हातारा होता आणि तो पुन्हा उभा राहिला होता. त्याच्या प्रचाराच्या कचेरीत दादा कॉम्प्युटरवर मतदारांची पत्रं छापायचं काम करायचा.

गणपतीच्या आधी एका रविवारी दादाचा फोन आला. आमच्याकडे कुठला फोन? तळमजल्यावर दातारकाकांकडे यायचा. काकांनी जिन्यातून हाक मारली की आम्ही मायलेक चपला न घालता खाली धावायचो.

"दादा, यंदा दिवाळीला येतोस का?" मी सवयीप्रमाणे ओरडून विचारलं.

"अरे, ते सगळं या इलेक्शनवर आहे. दिवाळीच्या सुमारासच निकाल आहे. म्हाताऱ्याचं काय होतं त्यावर माझं येणं ठरेल. आईला दे फोन."

बस्स, एवढंच बोलला. आता मला सांगा, यातून कोणीही काय समजेल? आमच्या वॉर्डातला नगरसेवक निवडून आला तेव्हा आम्हा पोस्टर चिकटवणाऱ्यांना बस करून लोणावळ्याला नेलं होतं. पडलेल्याची पोरं दोन महिने तोंड लपवून हिंडत होती. म्हणजे म्हातारा जिंकला की दादाला सुट्टी, तिकीट, सगळं. मी दादाला उलट एक प्रश्न विचारायला हवा होता. पण निवडणुकीतलं आपल्याला सगळं कळतं, हा माझा माज.

आईने फोन घेतला. "हो... बरं... जेवतोस ना वेळेवर?... बरं, बघू," एवढंच बोलून ठेवून दिला. वर येताना ती जिन्यात मध्येच थांबली.

"काय म्हणाला गं?" मी विचारलं.

"काही नाही. निवडणूक आहे म्हणाला."

मी लागलो कामाला. दादाने कोणाबरोबर तरी पाठवलेल्या सामानात म्हाताऱ्याचं एक पोस्टर होतं. गोरा, गुबगुबीत, मागे गाय उभी. कोपऱ्यात पक्षाची निशाणी. हत्ती!

माझा जिगरी दोस्त दिन्या ते बघून उडालाच. "अबे, हत्ती? म्हणजे हा तर आपल्या बाप्पाचाच माणूस. आणि समोरच्याची निशाणी काय?"

"गाढव."

"खोटं बोल."

"आईशपथ. तिथे असतं तसं."

"मग झालं यार. गाढवाला कोण मत देणार? म्हातारा आला समज."

इमारतीचा गणपती जिन्याखालच्या मोकळ्या जागेत बसायचा. मखराच्या बाजूला मी म्हाताऱ्याचं पोस्टर लावलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला झेंडूचा हार घातला. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायका आईला विचारायला लागल्या, "हे सुरेशचे सासरे का हो?" आईचा चेहरा पांढराफटक. मी मध्ये पडून सगळ्यांना समजावलं की सासरे नव्हेत, साहेब आहेत, आणि साहेब जिंकले की आमचा दादा दिवाळीला घरी. मग काय, सगळी इमारत म्हाताऱ्याच्या मागे उभी राहिली.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. इमारतीत अर्धी बिऱ्हाडं कोकणातली. गणपतीपुढे वडीलधाऱ्याने नारळ धरून देवाला खड्या आवाजात साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा, ही पद्धत. आमचं गाऱ्हाणं घालायचे तात्या गावडे. जन्म गेला गिरणीत, पण आवाज असा की पार हायवेपर्यंत जावा.

तात्यांनी माझी उलटतपासणी घेतली. "गाव खयचो तेचो?"

मी नाव सांगितलं. तात्यांना ते तीनदा प्रयत्न करूनही जमलं नाही.

"ऱ्हवांदे. थयसरचो राखणदार देव कोण? तेका आधी हाक मारूक होयी. नायतर तो आडवो येतलो."

"तात्या, तिथे चर्च असतात."

"मग चर्चवालो. जागा आसा म्हणजे जागेवालो आसतलोच."

आणि आरतीनंतर तात्यांनी नारळ धरला. ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, मालवणीत झील म्हणजे मुलगा आणि हाड म्हणजे आण. सगळे हात जोडून उभे. आई मखरापाशी समईजवळ.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि अमेरिकेच्या जागेवाल्या, तुझा नाव आमका ठावक नाय, रागावू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माउलीचो झील तुझ्या राज्यात आसा. तो ज्याच्या हाताखाली काम करता, तो म्हातारो इलेक्शनाक उभो रवलो हा. तेच्या आड जो कोण गाढव येत असात, तेका बाजूक सार. म्हाताऱ्याक भरघोस मतांनी निवडून हाड, आणि ह्या माउलीचो झील सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी तर एवढ्या जोरात ओरडलो की घसा बसला.

आई समईची वात पुढे सारत होती. वात चांगली जळत होती, तरी सारत होती. मला वाटलं, भरून आलं असेल बिचारीला.

त्यानंतर दोन महिने म्हातारा कॉलनीतच राहायला आल्यासारखा होता. पेपरात त्याच्याबद्दल एक ओळ येत नव्हती, पण मला रोज कोणी ना कोणी विचारायचं आणि मी बेधडक "पुढे आहे" म्हणून सांगायचो. खाडीवरून मासे घेऊन येणारी कोळीण पाटी उतरवता उतरवता विचारायची, "म्हातारा काय म्हनतो रं?" आणि पुढे आहे म्हटलं की आईच्या टोपात एक बांगडा जास्तीचा टाकायची. आई तो परत तिच्या पाटीत ठेवायची. मला वाटायचं, आईचा मानीपणा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी दातारकाकांची हाक आली. दिन्या खाली अंगणात फटाक्यांची लांबलचक लड पसरून उभाच होता. मी इशारा केला की पेटवायची, असं ठरलेलं. मी फोन उचलला.

"जिंकला रे!" दादा पलीकडून ओरडला. "अगदी थोडक्यात, पण जिंकला!"

मी खिडकीतून हात हलवला. दिन्याने लड पेटवली. त्या कडकडाटात मी एक कान बोटाने बंद केला आणि विचारलं, "मग तिकीट कधीचं?"

"कसलं तिकीट?"

"अरे, घरी यायचं."

दादाने लड संपू दिली. मग म्हणाला, "आईने तुला सांगितलं नाही? म्हातारा पडला असता तर माझी नोकरी गेली असती, इथे राहायची परवानगीही संपली असती. मग मी सामान बांधून घरीच येणार होतो. आता त्याचं ऑफिस मला कायमचं ठेवून घेतंय. कागदपत्रं होईपर्यंत देशाबाहेर पाय टाकता यायचा नाही. दोन वर्षं, कदाचित तीन."

माझ्या हातातला फोन आईने काढून घेतला.

"चांगलं झालं हो बाळा," ती म्हणाली. "तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, आईला आनंद झाला." आवाजात कुठे काही नाही.

बाहेर पडलो तर दारात तात्या उभे, पेढ्याचा पुडा घेऊन. "पावलो का नाय देव?" म्हणाले. मी पेढा घेतला आणि न खाता खिशात टाकला.

घरी आल्यावर मी आईपुढे बसलो. "तुला माहीत होतं. गणपतीच्या आधीपासून माहीत होतं. मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तू पोस्टर लावलंस, त्याला हार पडले, सगळी माणसं हात जोडून उभी केलीस. त्यांच्यापुढे म्हणू, की थांबा, त्याला पाडा?"

"निदान मनातल्या मनात तरी देवाला सांगायचंस."

"ज्याच्या जिवावर माझा पोरगा चार घास खातो, त्याचं वाईट मागू? जीभ वळत नव्हती रे. पण व्हय म्हाराजा म्हणायलाही वळली नाही. म्हणून वात सारत बसले."

आता करा हिशोब. एका बाजूला तात्यांचा आवाज, माझा बसलेला घसा आणि अख्खी इमारत. दुसऱ्या बाजूला आई, तीही गप्प. देवाने तरी काय करायचं? तरी माझ्या मनात अजून येतं, की आम्ही मागितलं होतं भरघोस, आणि मिळालं थोडक्यात. मधली मतं कुठे गेली? मला वाटतं, ती समईपाशी अडकली. मी जरा कमी ओरडलो असतो तर त्या दिवाळीला दादा घरी असता.

आई उठली. तुळशीच्या लग्नाला अजून वेळ होता, तरी तिने फळीवरून दादाचा डबा उतरवला. झाकण उघडलं आणि नुसती बघत बसली. मलाही रडू येत होतं, आणि लाजही वाटत होती.

मग तिने विचारलं, "तो दुसरा, पडला तो. त्याचं नाव काय होतं रे?"

आता बघा हं. दोन महिने प्रचार केला, गाऱ्हाणं घातलं, सबंध कॉलनी कामाला लावली. आणि समोरच्या उमेदवाराचं नाव मला माहीत नव्हतं. ज्याच्याकडे आईचं ते न बोललेलं एकुलतं एक मत होतं, त्याचं नाव.

"नाव नाही माहीत," मी म्हणालो. "निशाणी गाढव होती एवढं माहीत आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. मग डब्यातली एक चकली काढून माझ्या हातावर ठेवली.

"असू दे," म्हणाली. "एक गाढव तरी माझ्याजवळ राहिलं."