मूठ मिटायची नाही: आटपाडीपलीकडच्या तळ्यावर

आमच्या आष्ट्याच्या घरात प्रवासाला निघायचं म्हणजे आधी तासभर भांडण ठरलेलं. पंच्याहत्तर सालच्या माघात मात्र कुणी भांडलं नाही. जेवताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नको तो विषय काढला. माझा दादा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला होता. मेला असंही कुणी सांगत नव्हतं, जिवंत आहे असंही नाही. "तीन वर्सं झाली. पोराला पाणी द्यायला पायजे आता," आप्पा म्हणाले. पाणी द्यायचं म्हणजे दिवस घालायचे, आणि दिवस घातले की शालनवहिनीच्या कपाळावरचं कुंकू जाणार.

वहिनी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आटपाडीच्या पल्याड एक तळं हाय म्हणत्यात. बेपत्ता माणूस जित्ता आसंल तर तितं मासा हातावर येतोय. मला एकदा नेऊन आणा. मासा हातात आला न्हाई, तर हे कुंकू मी माझ्या हातानं पुसते."

मी तेव्हा सांगलीत राहून विश्रामबागेतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. मासा, बेडूक, पाल काहीही निघालं की घरात सगळे माझ्याकडं बघायचे. "तू जा हिच्यासंगं," आप्पा म्हणाले. मी दोन दिवसांची रजा टाकली.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. सांगलीहून विटा, विट्याहून आटपाडी. आता तुम्ही गाडीनं गाणी ऐकत पोचाल. आम्ही एसटीच्या मागच्या बाकावर हाडं खिळखिळी करत गेलो. सांगलीतून भडंगाचा पुडा घ्या, पुढं चहाशिवाय फारसं काही मिळत नाही. विट्यापर्यंत ऊस थोडाफार सोबत करतो, मग तो थांबतो आणि नुसतं माळरान लागतं. बाभळी, मेंढरं, दगड. उसातल्या माणसाला तिथं उघडं पडल्यासारखं वाटतं.

कंडक्टरनं तिकीट फाडताना वहिनीच्या कपाळाकडं बघितलं. "तळ्यावर का?" त्यानं विचारलं. आम्ही त्याला काही सांगितलं नव्हतं.

"व्हय," वहिनी म्हणाली.

"लय बाया जात्यात ह्या गाडीनं. माघारी येताना समद्या हसत येत्यात. रडत आलेली एकबी बघितली न्हाई मी."

वहिनीचा चेहरा उजळला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. देवाला कौल लावला की कधी उजवा येतो, कधी डावा. सगळ्यांना उजवाच देणारा देव मी तरी ऐकला नव्हता.

गावाचं नाव मी सांगणार नाही, उगाच जत्रा करू नका. साताऱ्याची माणदेशी हद्द तिथून हाकेच्या अंतरावर आहे एवढं पुरे. शेवटच्या थांब्यापासून पाऊलवाटेनं चालत गेलो. देवळाच्या गुरवीणबाईंनी ओसरीवर उतरवून घेतलं आणि हुलग्याचं गरम माडगं पुढ्यात ठेवलं. असं माडगं मी पुन्हा कुठं प्यायले नाही. बाई सत्तरीच्या, बोलणं तुटक.

"दुष्काळात तळं आटलं तवा दोन वर्सं देवी बोलली न्हाई," त्या म्हणाल्या. "आता बोलतीया. उद्या ऊन चढल्यावर पाण्यात उतरा. हात पाण्यात पसरायचा, मनात नाव घ्यायचं. मासा येऊन निजला की माणूस जित्ता. पर मूठ मिटायची न्हाई. मिटली की माणूस माघारी येत न्हाई."

सकाळी ऊन चढल्यावर तळ्यावर गेलो. वारा अजिबात नव्हता. पलीकडच्या काठावर बगळे आणि पाणकावळे बसले होते, चांगले गुबगुबीत. आम्ही पाण्यात पाय घातले तरी एकही उडाला नाही. त्याहून वाईट म्हणजे मासेही पळाले नाहीत. खवली जातीच्या बोटाएवढ्या चंदेरी मासोळ्या पाण्याच्या अगदी वर आल्या होत्या, काही एका कुशीवर कललेल्या. उभं आयुष्य मी अभ्यासासाठी मासे पकडत आले. पायाचा नुसता आवाज झाला तरी ही जात क्षणात तळ गाठते. इथं त्या आमच्या पोटऱ्यांना घासून जात होत्या. मला पाण्याबाहेर पडावंसं वाटलं.

वहिनीनं पदर खोचला आणि हात पसरला. तिचे ओठ हलत होते. थोड्या वेळानं एक खवली संथपणे आली, तिच्या तळहातावर चढली आणि तिथंच पडून राहिली. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "वन्सं, आलं बगा," ती म्हणाली. "तुमीबी हात पसरा. तुमचं भाऊ हायत."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण पसरला. माझ्याही हातावर मासा आला. त्याचं पोट टम्म फुगलेलं, कडक होतं. तो हलत नव्हता, पण त्याच्या पोटातून काहीतरी सावकाश माझ्या तळहाताला घासून सरकलं. ते काय आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्गात फळ्यावर मी त्याचं चित्र काढते. तरी त्या क्षणी माझ्या तोंडून "दादा" एवढंच निघालं. अंगावर सरसरून काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला.

काठावर आल्यावर माझं डोकं ठिकाणावर आलं. हिला असंच घरी नेलं तर ही जन्मभर वाट बघत बसेल, या विचारानं मला धडकी भरली. बगळ्याच्या चोचीतून निसटलेली एक खवली तिथं चिखलात पडली होती. माझ्या झोळीत चिरफाडीची पेटी असायचीच. मी दगडावर मासा ठेवून पोट उघडलं. आतून पांढरी, चपटी फीत बाहेर आली. येतच राहिली. माशाहून लांब होती आणि दगडावर वळवळत होती.

"वहिनी, हा जंत आहे," मी म्हणाले. "याला बगळ्याच्या पोटात जायचं असतं, त्याशिवाय याची अंडी होत नाहीत. म्हणून हा माशाला खाली राहू देत नाही. मासा वर येतो, पळत नाही, मग बगळा त्याला उचलतो. मासा तुमच्या हातात आला नाही. यानं आणला. सगळ्यांच्याच हातात आणतो."

वहिनी उकिडवी बसली आणि त्या फितीवर वाकून बघू लागली. किळस नाही, राग नाही. मग तिनं पोटावर हात ठेवला.

"आसंच हाय," ती म्हणाली. "तीन वर्सं माज्याबी पोटात हेच हाय. मला उठवतंय, चालवतंय, भाकरी करवतंय. वन्सं, ह्ये काडलं तर मासा जगतो का?"

आतली जागा सगळी त्यानंच व्यापलेली असते. "नाही, वहिनी," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि हात धुवायला पाण्याकडं गेली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. आटपाडी ते विटा तिचा उजवा हात मांडीवर उताणा पसरलेला होता. तोच कंडक्टर होता. तो तिच्याकडं बघून हसला, तीही हसली.

घरी दिवस घातले नाहीत. दादा काही आला नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. आप्पा गेले, मी निवृत्त झाले, आणि वहिनी दोन वर्षांपूर्वी कुंकवासकट गेली. त्या भागात आता कालव्याचं पाणी खेळतंय म्हणतात, तळ्यात कुणी विकायचे मोठे मासे सोडलेत. जायचं तर माघात जा, माडगं प्या, देवळाच्या पायरीवर बसा. पाण्यात हात घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझ्याजवळ राहिलं ते वेगळंच आहे. तोवर उंबरा न ओलांडणारी वहिनी तळ्यावरून आल्यापासून रोज संध्याकाळी मिरजेची गाडी यायच्या वेळी आष्ट्याच्या स्टँडवर जाऊ लागली. आडोशाला नाही, मधोमध, उघड्यावर उभी राहायची. शनिवारी घरी येताना मी त्या गाडीतून उतरले की ती माझ्या मागं कोण उतरतंय ते बघायची. मला तिचा राग कधीच आला नाही, भीती वाटायची. एका शनिवारी स्टँडच्या पत्र्यावर बगळा बसला होता. उसाला पाणी सोडलं की येतात, तसाच आला असेल. मी दगड उचलला आणि भर स्टँडवर, लोकांदेखत, त्याला भिरकावला.

वहिनीनं माझा हात धरला. "का मारता वन्सं?" ती म्हणाली. "त्येलाबी पोट हाय."