सिंगल बेल

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले, खरे मानून कधीच नाही. आमच्या घरात भुताखेतांना थाराच नव्हता. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून बावीस प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ. ताप आला तर डॉक्टर, भगत नाही. आई गेल्यावर आमच्या गावातली, धसईतली एक बाई सांगत आली, की तुमची बायको मला परसात दिसते. बाबांनी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "परत दिसली तं तिला विचार, माझ्या चष्म्याची डबी कुठं ठेवलीस?"

असे आम्ही. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय डोक्यातून जात नाही.

मी रंजना. आसनगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. घर शहापूरच्या अलीकडे, नाशिक हायवेपासून हाकेच्या अंतरावर. लग्न केलं नाही. भाऊ पुण्याला असतो आणि फोनवरून काळजी करतो. बाबा एसटीत कंडक्टर होते — सगळी नोकरी मुरबाड, टोकावडे, माळशेज याच लाइनवर. आई गेल्यावर त्यांना धसईहून माझ्याकडे आणलं आणि वर्षभरात त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा विसरले, मग माझं नाव, मग आई गेल्याचंच विसरले. नोकरी तेवढी विसरले नाहीत. जेवण झालं की उठायचे, खाकी शर्ट चढवायचे आणि दार उघडून चालू पडायचे. "गाडी लागली असंल. माणसं खोळंबलीत."

गाडी कुठली लागणार? समोर हायवे. कंटेनर, डंपर, कुणी कुणासाठी थांबत नाही. दोनदा लोकांनी त्यांना दुभाजकावरून धरून आणलं. बाहेरून कुलूप लावून बघितलं, तर दारावर डोकं आपटून घेतलं त्यांनी. माणूस ठेवायचा तर माझा अर्धा पगार गेला असता; नोकरी सोडायची तर दोघांनी खायचं काय? रोज कामावर फोन वाजला की हातातलं टाकून आधी तो उचलायचे. त्या दिवसांत मी इतकी दमलेली असायचे, की बसल्याजागी डोळा लागायचा आणि दचकून जाग यायची.

भाऊ म्हणाला, सिक्युरिटी अलार्म बसव. तो चोरांसाठी असतो रे, म्हटलं. तर म्हणाला, चोर आत येतो, बाबा बाहेर जातात. दार तेच ना.

मुरबाडला दिनेश नावाचा मुलगा आहे, अलार्म, कॅमेरे, इन्व्हर्टर सगळं बसवून देतो. कॉलेजला असताना बाबांच्याच गाडीने जायचा, त्यामुळे आपुलकीने आला. पण एक धड जमेल तर शपथ! पहिल्यांदा त्याने मोठा भोंगा बसवला. तो वाजला तसे बाबा पलंगाखाली शिरले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येईनात. मग माणूस हलला की ओळखणारा सेन्सर आणला. तो मांजरीला ओळखायला लागला. कॅमेरा बसवू का म्हणाला. मी म्हटलं, बाबा बाहेर जाताना मला आसनगावला बसून दिसतील, पण बघून मी करू काय?

शेवटी दार उघडलं की नुसता आवाज करणारं एक यंत्र राहिलं. दाराला एक तुकडा, चौकटीला एक, आणि भिंतीवर छोटा डबा. शेजारच्या शेवंताकाकूंना ऐकू गेलं की त्या येऊन बघतील, एवढाच हिशोब. काकू खर्डीकडच्या, तोंडाने फाटक्या, मनाने फार चांगल्या.

त्या डब्यात बरेच आवाज होते. दिनेश एकेक वाजवून दाखवत होता — चिमणी, कुत्रं, 'वेलकम' म्हणणारी बाई. बाबा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. मग एक साधी घंटा वाजली. टण्.

बाबांनी उजवा हात वर केला आणि वरची दांडी धरावी तशी मूठ वळली. "थांबा," ते म्हणाले. "माणूस उतरतोय."

 दिनेशने पुढचा आवाज लावला. टण् टण्.

"चला!" बाबा म्हणाले आणि हात खाली घेतला.

एसटीतून फिरलेल्या कुणालाही हे सांगायला नको. कंडक्टरने दोरी ओढून सिंगल बेल दिली की गाडी थांबते, डबल दिल्याशिवाय निघत नाही. बाबा याबाबतीत भारी कडक होते. जी पोरं चेष्टेने दोरी ओढायची त्यांना खाली उतरवायचे. विनाकारण बेल दिली की ड्रायव्हरचा बेलवरचा विश्वास उडतो, म्हणायचे.

आम्ही सिंगल लावली. आणि काय सांगू, जमलं! बाबा दार उघडायचे, टण् व्हायचं, की उंबऱ्यात जागच्या जागी उभे. डबल यायची नाही, ते हलायचे नाहीत. आवाज ऐकून काकू यायच्या आणि सांगायच्या, "काका, गाडी बंद पडलीय. डायवर बोलला, येल लागंल. बसा आत." बाबा वैतागून आत यायचे. कित्येक महिन्यांनी मी कामावर निवांत डबा खाल्ला.

आता मुद्द्याचं.

एकदा लाइटच्या लपंडावात त्या डब्याची बॅटरी गेली. दिनेश सकाळी येऊन भिंतीवरचा डबा काढून मुरबाडला घेऊन गेला, उद्या आणतो म्हणाला. काकूंना मी बजावून गेले. पण दुपारी त्यांच्याकडे पाहुणे आले आणि त्या स्वयंपाकात अडकल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांना त्यांचं घर आहे.

संध्याकाळी मी फाट्यावर रिक्षातून उतरले. आमच्याकडे जायला तिथे हायवे ओलांडावा लागतो. पलीकडे बघते तर खाकी शर्ट. बाबा रस्त्याच्या अगदी काठावर उभे, पांढऱ्या पट्ट्याला पाय टेकलेले. गाड्यांच्या वाऱ्याने शर्ट फडफडत होता. मी कशी ओलांडून गेले, आठवत नाही.

कडेला चहाची टपरी आहे. चहावाला म्हणाला, "ताई, दुपारपासनं उभे हायत. बसा बोललो, पाणी दिलं. हलंनात ना."

"बाबा, चला घरी."

"सिंगल झालीय," बाबा म्हणाले. "डबल नाय दिली अजून."

"कुणी दिली सिंगल?"

"काय माहीत! कंडक्टर मी, आन बेल देतंय भलतंच कोण." चांगलेच चिडले होते. "पण दिलीय तं थांबायला लागंल."

मी ओढलं, विनवलं, रडलेसुद्धा. पाय उचलेनात. शेवटी सुचेना तेव्हा पिशवीतला जेवणाचा स्टीलचा डबा काढला आणि घराच्या किल्लीने त्यावर दोनदा वाजवलं. टण् टण्.

"चला," म्हणाले, आणि गपचूप माझा हात धरून वळले.

त्या रात्री त्यांचे सुजलेले पाय चेपताना मी सगळं नीट लावून घेतलं. इतके दिवस दारात बेल ऐकली, त्यामुळे ती डोक्यात बसली. रस्ता बघून ती आपोआप वाजली असेल, त्यांच्या कानात. संपला विषय. चहावाला एवढंच म्हणाला होता, की घंटा आपल्यालाही ऐकू आली, एसटी आली म्हणून बघितलं तर गाडी नव्हती. मी म्हटलं, कुल्फीवाला असेल. दिनेशला फोन केला, तर भिंतीवरचा तो डबा त्याच्या टेबलावर उघडा पडलेला होता.

बाबा पुढचा पावसाळा काढून गेले. घरात, झोपेत. चांगलं मरण आलं म्हणाले सगळे, मीही म्हणाले. भिंतीवरचं यंत्र दिनेश काढून घेऊन गेला. धसईला एका म्हातारीच्या घरी लागलंय आता. कुणाच्या तरी कामाला आलं.

मला वाटलं होतं, आता तरी झोप लागेल. नाही लागली. एवढी वर्षं कान दाराकडे लावून काढली, ते कान काही खाली यायला तयार नव्हते. घरी जायची घाईसुद्धा उरली नव्हती. कुणासाठी जायचं? जेवण, कामावर जाणं, येणं, सगळं ओढल्यासारखं. भाऊ फोनवर म्हणाला, आता तू मोकळी झालीस. राग नाही आला. राग यायलाही ताकद लागते.

असाच एक शनिवार. अर्धा दिवस भरून दुपारी फाट्यावर उतरले. ऊन कडक, रस्ता सुनसान. दुभाजकाच्या फटीतून पलीकडच्या निम्म्या रस्त्याशी आले. गाड्या येतात त्या बाजूला बघितलं — काही नव्हतं. पाय उचलला.

टण्.

मागून. अगदी डोक्याच्या वर, मागच्या बाजूने. एसटीत पुढच्या सीटवर बसलं की ऐकू येते तशी नाही. दोरी ओढणाऱ्याच्या शेजारी उभं राहिलं की येते, तशी.

मी थांबले. विचार करून नाही, पायच थांबला. आणि ज्या बाजूला मी बघितलंच नव्हतं त्या बाजूने, उलट्या दिशेने, एक रिकामा डंपर माझ्या नाकासमोरून गेला. हॉर्न नाही, काही नाही. पेट्रोल पंपाकडून वळसा वाचवायला येतात तसे. पदर ओढला गेला इतक्या जवळून.

धूळ बसली तेव्हा पलीकडून चहावाला टपरीबाहेर आलेला दिसला. तो आधी माझ्याकडे बघतच नव्हता. रस्त्याच्या वरच्या अंगाला बघत होता. मग ओरडला, "ताई, एसटी कुठली गो? आता बेल वाजली ना?"

 मी तिथेच उभी.

"मोकळा हाय रस्ता! या की!"

मोकळा होता, दोन्ही बाजूंनी. दिसत होतं मला. पण पाय उचलेना. बाबा तिथे दुपारभर कसे उभे राहिले असतील, ते मला तेव्हा कळलं. ती भीती नव्हती. कुणीतरी आपल्याला थांबवलंय, आपली काळजी आता आपल्याकडे नाही, असं काहीतरी. किती वर्षांत मला तसं वाटलं नव्हतं. भर उन्हात, हायवेच्या मधोमध, मी ढसाढसा रडले. बाबा गेले त्या दिवशी रडायला वेळ मिळाला नव्हता.

डबल मात्र येईना. कान देऊन ऐकलं, नाहीच.

मग मी पिशवीतून डबा काढला, किल्ली काढली आणि दोनदा वाजवलं. पाय सुटले. पलीकडे गेले. चहावाल्याने काही न विचारता चहा पुढे केला.

दमलेल्या माणसाचे कान वाजतात, हे मलाही माहीत आहे. मग चहावाल्याचे का वाजले? यंत्र धसईला. टपरीजवळ शाळा नाही, देऊळ नाही. पुढच्या शनिवारी त्याच वेळी मी मुद्दाम तिथे थांबून बघितलं, कुल्फीवालाही फिरकला नाही. माझी श्रद्धा-अंधश्रद्धेबद्दलची मतं होती तीच आहेत, भगताकडे मी आजही जाणार नाही. स्पष्टीकरण विचाराल तर ते माझ्याकडे नाही.

आता दोन्ही बाजूंना बघून ओलांडते. रात्रीची झोपही लागते बरीचशी. बेल त्यानंतर एकदाही वाजलेली नाही, आणि वाजेल असं वाटतही नाही. विनाकारण बेल द्यायची त्यांना सवयच नव्हती.