एकही स्थळ नाही, तर काय दाखवायचं?

अमरावतीत वेबसाईट बनवणारे पैशाला पासरी आहेत. पण अकोल्याच्या भर मांडवात तासाभरात सतरा मुलींना नवरा म्हणून स्वतःलाच दाखवणारा मी एकटाच. तेही लग्न झालेलं असताना, आणि बायको दुसऱ्या रांगेत बसलेली असताना.

समाजाचा उपवर मेळावा होता. दरवर्षी मुलामुलींच्या माहितीची पुस्तिका छापत. तिचं वजन एवढं की पोस्टमन रजेवर जायचा. यंदा मी वेबसाईट करून दिली होती. अटी भरा, बटण दाबा, जुळणारी स्थळं समोर. माझं ते पहिलंच मोठं काम. सचिवकाकांनी बजावलं होतं, “मेळाव्यात चालली तर ठेवू. नाही तर पुस्तिका छापाले पाठवतो, अन् तू आपल्या घरी.”

आदल्या दिवशी काकांनी स्वतःच अशा अटी टाकल्या की एकही स्थळ त्यांत बसेना. डेटाबेसनं इमानदारीनं रिकामी यादी परत केली. माझा प्रोग्राम मात्र यादीत काही आहे का हे न बघताच पहिल्या ओळीवर झडप घालायचा. वाढायच्या आधीच ताटात हात! पान पांढरंफट्ट पडलं आणि वर इंग्रजीत चुकांची लांबलचक आरती.

“हे काय करून राहिला बे?” काका ओरडले.

मी घाईघाईत ठिगळ लावलं: यादी रिकामी आली, तर तक्त्यातली पहिली नोंद दाखव. पान आता कधीच कोरं पडणार नव्हतं. पण ती पहिली नोंद तपासणीसाठी मीच भरलेली होती. माझं नाव, माझी उंची, माझ्याच लग्नातला फेट्याचा फोटो. ते डोक्यातून पार निघून गेलं.

आता आपल्याकडच्या अटी तुम्हाला ठाऊकच आहेत. नोकरी सरकारी पाहिजे, घरी ओलिताची शेती पाहिजे, पण मुलानं बांधावर पाय ठेवायचा नाही. सासू-सासरे गावी, फ्लॅट पुण्यात. असं स्थळ ब्रह्मदेवालाही अजून जमलेलं नाही. त्यामुळे मोठ्या पडद्यावर दर वेळी फेट्यासकट मीच!

“हा पोरगा तं साऱ्याच पोरींले पसंत करून राहिला,” मूर्तिजापूरच्या एक मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या रांगेतून बायकोचा आवाज आला, “काहो, हुंडा किती मागून राहिले तुमी?”

मांडव असा हसला की कनात दोन बोटं वर उचलली गेली. काका हसले नाहीत. “पंगत उठेपर्यंत नीट कर. नाही तं मी छापखान्यात फोन लावतो.”

बाहेर रोडगे आणि वांग्याची भाजी, आत मी उपाशी. सगळ्यांत आधी माझी नोंद खोडली. बायको मागे उभीच होती. मग ते ठिगळ उसवलं. आता प्रोग्राम आधी मोजायचा, की यादीत ओळी किती आल्या. शून्य असतील तर सरळ तसं सांगायचा. आणि पुढे एकेक अट बाजूला ठेवून पुन्हा विचारायचा, की कोणती काढली तर किती स्थळं निघतात.

पंगत उठली. मावशी बँकेत नोकरी करणाऱ्या लेकीला घेऊन आल्या आणि सगळ्या अटी पुन्हा भरल्या. पडद्यावर उमटलं: ‘या सर्व अटींत बसणारं स्थळ आज नाही. ओलिताची शेती ही अट काढल्यास चार स्थळं आहेत.’

काकांचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

“शेती काहून सोडाची?” मावशी गुरकावल्या.

“आई, मले लग्न शेतीसंग कराचं हाय का?” लेकीनं माऊस ओढून घेतला आणि अट काढली. चार स्थळं पडद्यावर आली. तिसऱ्यावर ती थांबली, जरा जास्तच थांबली.

मावशींनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “तोंडावर बोलते हे मशीन. पण खरं बोलते.”

टाळ्या अशा कडाडल्या की चिखलदऱ्याला ढग गडगडल्याचा भास झाला असणार. पुढच्या घटकेत रांग मांडवाबाहेर पडून बाळापूरच्या रस्त्याला लागली. जो तो विचारत होता, “माही कोणती अट आडवी येऊन राहिली, ते सांग.”

काका रांगेच्या तोंडाशी उभे राहून ओरडत होते, “ढकलाढकली करू नका बावा, हे वेबसाईट आता कुठीच जात नाही!”