घासलेलं बक्कल

जुन्या लष्करी वस्तू पारखून देणाऱ्या त्या गृहस्थाने वडिलांच्या फौजी पट्ट्याचं पितळी बक्कल भिंगाखाली धरलं आणि नाक मुरडलं. “घासून घासून पार वाट लावलीत. अस्सल मालावर काळपट थर हवा, हा असा.” त्याने कपाटातलं आपलं बक्कल दाखवलं. गोदामात पडून राहिलेलं, कुणाच्या कमरेला कधी न लागलेलं!

माझं डोकंच फिरलं. अहो, डाग दिसला तर परेडवर शिक्षा व्हायची, म्हणून वडील ते रोज घासायचे. त्यावरची अक्षरं झिजली ती त्यांच्याच अंगठ्याखाली. माणसाचा हात फिरला म्हणून वस्तू खोटी ठरते, ही कुठली पारख?

घरी आईने बक्कल उजेडात धरलं. “कुणाची बोटं उठलीत यावर?” ती म्हणाली आणि चिंच भिजत घातली.