पाचव्या नंबरच्या घागरी

"झोपला व्हतास तू, मल्लू! गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांग, न्हाई म्हणून!"

शेजारची शेवंतामावशी भर गल्लीत ओरडत होती. टँकर रिकामा होऊन गेला होता आणि तिच्या दोन घागरी लिंबामागं पालथ्या पडल्या होत्या, कोरड्या. पुढं मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो. पण जरा दमानं घ्या, मला सरळ सांगता येत नाही.

आधी माझी झोप. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, मी तिथं एका कचेरीत कारकून, बिऱ्हाड अहमदपूरला. पहाटेच्या एसटीनं जायचं, शेवटच्या एसटीनं यायचं. झोपायला तीन तास उरायचे, आणि पुढं पुढं सुट्टीच्या दिवशीही डोळा लागेना. लाज वाटायची? छे — मी मिरवायचो. माझ्यापायी गल्लीतल्या कोंबड्याची नोकरी गेली, घुबडं मला मामा म्हणतात, अकरा रात्री डोळ्याला डोळा नाही तरी नव्या जिल्ह्यातली सगळी गावं पाठ म्हणतो! अकरा कुठल्या? दोन. पण लोक माना डोलवायचे. फक्त शेवंतामावशीनं तळपायाला लावायला तेल आणून दिलं, दुधातून खसखस घे म्हणाली. मी तेल ठेवून घेतलं आणि वर सहावा चहा मारला.

त्यात दुष्काळ. टँकरचा नेम नसायचा, म्हणून सकाळीच घागरींची रांग लावून माणसं कामाला जायची. रविवारी रांगेवर राखण माझी. का? तर हा गडी झोपतच नाही!

त्या रविवारी मावशी पाचव्या नंबरला घागरी ठेवून डाळ मिलला गेली. घरात तिची लेक, आठ दिवसांची बाळंतीण. उन्हानं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी लिंबाला टेकून बसलो, सावली माझ्या पायावर होती — आणि मग हॉर्न वाजला तेव्हा ती समोरच्या भिंतीवर होती. मधलं काहीच नाही. सदऱ्यावर लाळ. मावशीच्या घागरी कुणीतरी रांगेतून काढून झाडामागं टाकलेल्या. ज्यानं टाकल्या त्यानं मला बघितलंच असणार — तोही बोलला नाही, मीही नाही.

कारण मला त्या दिसल्या होत्या. हे सांगायचं होतं. मला दिसल्या होत्या. उचलून जागेवर ठेवायला दहा पावलं. पण ठेवल्या असत्या तर कुणीतरी विचारलं असतं, तू इथं असताना निघाल्या कशा? मी नंबर पुकारत राहिलो. चौथा. सहावा. सातवा.

आम्हा लिंगायतांत गळ्यातल्या लिंगाला हात लावला की बोलणं संपतं. मी सदऱ्यात हात घातला, लिंग मुठीत धरलं. "मी जागाच व्हतो, मावशी. तुझ्या घागरी रांगेत नव्हत्याच."

मावशीनं कोरड्या घागरी उचलल्या. माणसं हसली. लबाड बाई म्हणून तिचा नंबर उन्हाळाभर शेवटचा ठरला, आणि शेवटच्याला पाणी क्वचितच पुरायचं. बाळंतिणीचं पाणी तिनं माळापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर आणलं. मी ओट्यावरून बघायचो.

खूप वर्षांनी लातूरच्या एका डॉक्टरांना झोपेचं सांगितलं. ते म्हणाले, इतकं जागणारा माणूस बसल्या जागी झोपतो आणि त्याला पत्ताही नसतो. दुपारनंतर चहा बंद करा, रोज एकाच वेळी उठा, नाही आली झोप तर अंथरुणात तळमळत पडू नका. सगळं केलं. आता पाच तास लागते. पत्ताही नसतो, हे मात्र मला लागू नाही. मला पत्ता होता.

तो उन्हाळा सरताना एकदा मावशी घागर घेऊन दारावरून चालली होती. राग गेला का, असं मी हसत हसत विचारलं. ती थांबली, चुंबळ नीट केली.

"जेवायच्या सुट्टीत आले व्हते मी. घागरी जागेवरच व्हत्या. तू घोरत व्हतास. लई दिवसांनी डोळा लागला, म्हणून उठवलं न्हाई."